काळकुंडाचे वय

काळकुंड तळ्याच्या काठावर उभे राहून गंगाधर बोर्डे गेली तीस वर्षे पर्यटकांना एकच कथा सांगत आले होते. "जमिनीखालून लाव्हा वर आला अन् मधात पाण्याचा झरा लागला. पाण्याची झाली वाफ, अन् कुकरचं झाकण उडावं तशी जमीन उडाली! उरला तो खड्डा. त्यात पाऊस साचला, झालं तळं. लाखो वर्षं झाली त्याले, बिनधास्त फोटो काढा." सातपुड्यातल्या त्या राष्ट्रीय उद्यानाचा वाटाड्या म्हणून मिळालेला पितळी बिल्ला ते रोज चिंचेने घासत. बिल्ला म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

आज समोर पर्यटक नव्हते. मुक्ता सोनवलकर ही तरुण भूशास्त्रज्ञ दुधीभोपळ्याएवढे एक यंत्र घेऊन आली होती. त्याचे नाव शिळावाचक. खडक तापला की त्यातल्या लोहकणांची जुनी चुंबकीय आठवण पुसली जाते आणि निवताना नवी बसते. खडक शेवटचा कधी तापला, हे शिळावाचक चुटकीसरशी सांगे आणि निकाल परस्पर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला कळवून मोकळे होई.

मुक्ताने काठावरचा एक काळा, चकचकीत, भोकाभोकांचा दगड यंत्राखाली धरला.

"सतरा वर्षे," यंत्र म्हणाले.

दुसरा धरला, तिसरा धरला. सतराच.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, सतरा वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी फुटला होता?"

"फुटला असता तं मले दिसला नसता का?"

मुक्ता दगडामागून दगड तपासत राहिली. तासाभराने गंगाधररावांचा फोन वाजला. घरून विमलबाई ओरडत होत्या, "अवो, गावात एस्ट्या आल्या! तळ्याजवळची पाचही गावं खाली करून रायले म्हणते. म्हशीचं तिकीट काढा लागते का?"

गंगाधररावांनी फोन ठेवला. गप्प बसावे तर पाच गावे उठतात, बोलावे तर बिल्ला जातो. त्यांनी बिल्ला काढून मुक्ताच्या हातात ठेवला.

"मॅडम, थे दगड तळ्याचे नाहीत. माह्या साळ्याच्या वीटभट्टीतले हायेत. जास्त भाजून इतळलेल्या इटा. लोक इचारत, लाव्हा कुठी हाय? खरा दगड दिसाले मातीवानी. म्हणून एक ट्रॉली आणून टाकली. एकच!"

मुक्ता आधी संतापली, मग हसता हसता खालीच बसली. आपत्ती कक्षाला फोन करून तिने सगळा प्रकार सांगितला आणि आज यंत्राकडून आणखी काही निकाल आले तरी मनावर घेऊ नका, असे बजावले. एस्ट्या रिकाम्या परतल्या. मग गंगाधररावांनी कड्यातला खरा खडक दाखवला आणि यंत्र म्हणाले, "पाच लाख वर्षे." आपली कथा तरी खरी निघाली, म्हणून त्यांना रडूच आले.

निघता निघता मुक्ताने पाण्यावर तरंगणारा, फेसासारखा हलका एक राखाडी खडा सहज यंत्राखाली धरला.

"चार दिवस."

"काका! हाही भट्टीतलाच का?" तिला पुन्हा हसू फुटले.

गंगाधररावांनी खडा हातात घेतला. असला खडा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"नाही मॅडम. भट्टी बंद पडून धा वर्षं झाली."

"पुरे आता, काका," ती डोळे पुसत म्हणाली आणि यंत्र पिशवीत भरू लागली.

गंगाधरराव खडा मुठीत धरून तळ्याकडे पाहत राहिले. खाली पाच गावे निर्धास्त चुली पेटवत होती. आता त्यांना खरे सांगायचे, तर ते ऐकणार कोण?