पत्र्यापलीकडून कोणीतरी वायर धरली होती

खोटं रचायचं असतं तर मी मध्यरात्र सांगितली असती.

पण दुपार होती. रविवार, दिवाळीची सुट्टी, सव्वाबारा. काळाचौकीला आमच्या चाळीमागे, भर उन्हात. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी तिथे होते.

बाबांनी जुना पिकअप घेतला होता. आधीच्या मालकाने त्यातलं कॉम्प्युटरवालं इंजिन काढून साधं डिझेल इंजिन टाकलं होतं. कॉम्प्युटर आणि त्याचं वायरींचं जंगल मात्र तसंच सोडलं होतं. वायरी घासून घासून सोलल्या होत्या. शनिवारी शिवडीला बॉनेटमधून धूर आला.

आणि सोमवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची बोली झालेली. पहिलाच दिवस. गाडी उभी राहिली असती तर काम वडाळ्याच्या रघूला गेलं असतं. बाबा सहा महिने कामाशिवाय होते. एवढंच लक्षात ठेवा.

मेकॅनिक म्हणाला, बुधवारी बघू.

मी म्हटलं, मी काढते.

हसू नका. नववीत आहे, पण चाळीतले अर्धे मिक्सर मी दुरुस्त केलेत. शिकवलं दौलतआजोबांनी. ते मिलमध्ये वायरमन होते. त्यांचा एकच नियम, मला तो हजारदा ऐकवलेला. जो वायर कापणार, फ्यूज त्याच्याच खिशात. दुसऱ्याकडे द्यायचा नाही. बापाकडेसुद्धा नाही.

मी मेन फ्यूज काढला. खिशात टाकला. बाबा टेप आणायला लालबागला गेले. आजोबा बॉनेटसमोर स्टूल टाकून बसले. मी आत, डॅशबोर्डखाली, पाय वर डोकं खाली.

डॅशबोर्डमागे पत्र्याला भोक असतं. वायरी त्यातून इंजिनाकडे जातात. एकाने आतून ओढायचं, दुसऱ्याने बाहेरून सोडायचं.

मी ओरडले, "आजोबा, ढकला."

वायर आली. अगदी अलगद. कुठे अडकली नाही. मी तोडत होते, ओढत होते, पलीकडून कोणीतरी सोडत होतं. मी भलतीच खूश. गाणं म्हणत होते.

मग एक लाल वायर हाती आली. पक्कड लावली...

वायर सरकली. पलीकडे.

परत ओढली. परत लावली. परत सरकली.

मला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय.

तिसऱ्यांदा मी जोर लावला. पलीकडून पण जोर आला. आणि आवाज...

हळू. कोरडा. पत्र्याला तोंड लावून बोलल्यासारखा.

"ती रवांदे गो चेडवा. जिती आसा ती."

घरात मालवणी फक्त आजोबा बोलतात. मी हसले. म्हटलं, जिवंत कशी असेल, फ्यूज काढलाय की.



मग...

"फ्यूज कोणाकडे आसा?"

"माझ्याकडे. खिशात."

"नक्की?"

त्या एका शब्दाने माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. का, ते आजही सांगता येत नाही.

मी सरपटत बाहेर आले.

स्टूल रिकामं.

बॉनेटपाशी कोणी नाही. गल्लीत कोणी नाही. वर गॅलरीत आजोबा दिसले, हातात गोळीचं पाकीट, पाण्याचा तांब्या. शेजारच्या पुतळाबाई म्हणाल्या, ते तर कधीचेच वर आलेत.

बाबा आले. त्यांनी टेस्टलॅम्प त्या लाल वायरीला टेकवला.

लागला.

फ्यूज माझ्या खिशात, आणि दिवा लागला. जुन्या मालकाने ती वायर गुपचूप थेट बॅटरीवरून घेतली होती. डिझेल चालू-बंद करणारी तीच. सीटखाली डिझेलने ओलं झालेलं पोतं होतं, माझ्या तोंडापासून वीतभर. मी कापली असती आणि ठिणगी उडाली असती तर... बाबांनी पुढचं बोलू दिलं नाही.

रात्री जेवताना मी आजोबांना नक्कल करून दाखवली. आवाजाची. अगदी तसाच काढला.

त्यांच्या हातातला घास ताटात पडला.

मग त्यांनी सांगितलं. भिंतीकडे बघत.

संप फसला होता. साल चौऱ्याऐंशी. मिल बंदच, पण तांबं विकायला जुन्या वायरी काढायच्या होत्या. दहा जणांना आत घेतलं. त्यात आजोबा आणि दगडू. गाववाले, जिगरी. दगडूने उकाड्याने शर्ट काढला होता. खिसा नाही. फ्यूज आजोबांकडे दिला आणि वायर कापायला शिडीवर चढला.

साहेबाच्या माणसाने गोदामात लाईट मागितली. आजोबांना वाटलं, दगडू चहाला गेलाय.

त्यांनी फ्यूज लावला.

"चौकशीत मी सांगितलं, फ्यूज दगडूच्याच खिशात होता," आजोबा म्हणाले. "त्याचीच चूक लिहिली. त्याच्या बायकोला, मालनला, मिलने दमडी दिली नाही. माझी नोकरी वाचली."

"किती वर्षं?" मी विचारलं.

"तीन महिने. मग मिलच गेली."

आईने ताटं उचलली.

अंथरुणं घातल्यावर मी म्हटलं, मालनआजीला जाऊन सांगा. समोरच्याच चाळीत राहतात त्या. आजोबा म्हणाले, आता सांगून कोणाचं काय भलं होणार. आणि कूस बदलून झोपले. माझा शूर आजोबा. नियम शिकवणारा.

सोमवारी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. काम बाबांना मिळालं. ती लाल वायर टेप गुंडाळून तशीच ठेवलीय, तिच्याशिवाय इंजिन चालत नाही. बाबा रोज गाडी धुतात. मी आत बसत नाही.

तो दगडूच होता का, मला माहीत नाही. असेल तर त्याने मला का वाचवलं, तेही नाही. दौलतच्या नातीला. याच प्रश्नाने झोप लागत नाही.

परवा मालनआजी नळावर भेटल्या. माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "वायरी काढतंस म्हणे. जपून गो. आमचे हे असेच बेसावध होते, म्हणून गेले."

मी त्यांची कळशी उचलून दिली.

आणि म्हटलं, "हो आजी."