सगळ्यांत सावकाश तो पुढे

ज्वालामुखीच्या काठावर उभं राहून सूर्य उगवताना पाहायचा, एवढाच आमच्या मोहिमेचा हेतू होता. मोहीम हा शब्द भावजींचा. मोहिमेत आम्ही तिघंच: भावजी, माझी थोरली बहीण आणि हयातभर वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलेला मी. तिघांनाही पेन्शन सुरू झालेली.

भावजींनी हयातभर शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी ते फळ्यावर एक सुबक त्रिकोण काढत, त्याचं टोक डस्टरने पुसत आणि त्या जागी लाल खडूने आग लावत. विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या त्या आगीवर पास झाल्या. स्वतः भावजींनी मात्र खरा ज्वालामुखी कधी पाहिला नव्हता. "मेहुणेबुवा," ते मला म्हणाले होते, "जन्मभर मी ज्या गोष्टीची खात्री दिली, ती जागेवर आहे की नाही, एकदा बघून येऊ."

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, चढा, पण सावकाश. चालता चालता बोलता येईल इतक्याच वेगानं. आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या सतत जवळ बाळगा. भावजींनी त्यातलं 'चढा' तेवढं ऐकलं. वर नेणाऱ्या गाईडबाईंना यातलं अवाक्षर सांगायचं नाही, असंही त्यांनी आम्हाला बजावून ठेवलं.

"तिला कळलं तर ती मला खालीच ठेवेल. मग मी काय, लॉजच्या गच्चीतून सूर्योदय बघू?"

"बघा की. गच्ची कुठे वाईट आहे?" ताई म्हणाली.

"तू सांगणार नाहीस ना?"

ताईनं मान डोलावली. ताईनं मान डोलावली म्हणजे ती हो म्हणाली असं नसतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात भावजींच्या लक्षात आलेलं नाही.

गाईडबाई चढाईच्या आदल्या दिवशी दुपारी लॉजवर आल्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, कमी बोलणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी आमच्या बॅगा जमिनीवर रिकाम्या करायला लावल्या. माझ्या बॅगेतून एक छत्री, एक जाडजूड कादंबरी आणि दाढीचं सामान निघालं. गाईडबाईंनी ब्रश हातात घेऊन निरखला.

"वर कोण येणार आहे भेटायला?"

मी ब्रश परत घेतला. मग त्यांनी प्रत्येकाच्या बुटांत हात घालून शिवणी चाचपल्या, नाड्या ओढून पाहिल्या आणि आम्हाला पायांची नखं दाखवायला सांगितली. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटतात, नख वाढलेलं असेल तर उचकटतं, म्हणून. त्यानंतर तीन वयस्कर माणसं लॉजच्या खोलीत एकच नेलकटर फिरवत, एकमेकांकडे न बघता, बराच वेळ शांतपणे बसली. पराक्रमाची सुरुवात अशी होते हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

"नीट ऐका," गाईडबाई म्हणाल्या. "वाट पश्चिमेकडून आहे आणि सूर्य पलीकडे उगवतो. काठावर पोहोचलात तर दिसेल. मध्येच थांबलात तर डोंगराची पाठ बघत बसाल. वारा फिरला तर गंधकाचा धूर अंगावर येतो. मी मास्क म्हटलं की मास्क. मी परत म्हटलं की परत. आणि सगळ्यांत सावकाश चालणारा माणूस माझ्या पाठोपाठ, सर्वांच्या पुढे. त्याच्या चालीनं सगळे चालतील. त्याला कोणी ओलांडायचं नाही." त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "तर, सगळ्यांत सावकाश कोण?"

प्रत्येकानं दुसऱ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

"बरं. चला मग."

लॉजच्या मागे टेकाडावर गावाची पाण्याची टाकी होती आणि टाकीपर्यंत सरळसोट पायऱ्या. गाईडबाईंची परीक्षेची पद्धत साधी होती. त्या घड्याळ बघत नसत. वर पोहोचलं की विचारायच्या, येताना वाटेत काय दिसलं? उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. कोणाचं वाक्य कुठे तुटतं, त्यावरून त्या ओळखायच्या.

माझं वाक्य तीन ठिकाणी तुटलं. त्यात एक कुत्रं होतं आणि एक वाळत घातलेली चादर होती, पण त्या दोघांचा संबंध मला शेवटपर्यंत जोडता आला नाही.

"सर, तुम्ही?"

भावजी कठड्याला टेकून आकाशाकडे पाहत होते. ओठ किंचित निळसर.

"चिमणी," ते म्हणाले.

मी दचकलो. या माणसाला कोणी "कसे आहात?" विचारलं तरी उत्तराला प्रस्तावना असते! चिमणी दिसली असती तर तिचं स्थलांतर, तिचं घरटं आणि तिच्या घटत्या संख्येला जबाबदार शासकीय धोरण इथपर्यंत आम्ही पोहोचलो असतो. मी ताईकडे पाहिलं. तिनंही ऐकलं होतं.

आणि दुसऱ्याच क्षणी ताई मटकन पायरीवर बसली. "बाई गं... मला... जरा... दम..."

ताई तीस वर्षं टपाल वाटायची. चढाच्या गल्ल्या, लिफ्ट नसलेल्या इमारती, खांद्याला पिशवी. आजही बसस्टॉपवर उभं राहण्याचा कंटाळा आला म्हणून पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जाते आणि बसच्या आधी पोहोचते. ती आता माशासारखं तोंड उघडून बसली होती, आणि अभिनय इतका भडक होता की मला तिची लाज वाटली.

"ठरलं," गाईडबाई म्हणाल्या. "ताई माझ्या मागे. मग सर. शेवटी तुम्ही."

"वय झालं हो तिचं," भावजी मोठ्या समाधानानं म्हणाले.

उतरताना ताई माझ्या कानाशी आली. "मी गोगलगाईसारखी चालणार. म्हणजे यांनाही तसंच चालावं लागेल, आणि मान खाली घालायला नको. तू गप्प बसायचंस."

मी गप्प बसलो. हे काम मला जमतं.

संध्याकाळी बॅगा भरताना आणखी एक नाटक झालं. भावजी अंघोळीला गेले, तशी ताईनं त्यांच्या बॅगेतल्या पाण्याच्या बाटल्या काढून आपल्या बॅगेत कोंबल्या. मग ती थर्मास भरायला खाली गेली, तर भावजी पंचा गुंडाळूनच आले आणि तिच्या बॅगेवर वाकून काहीतरी खुडबुड करू लागले. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. वाटलं, बाटल्या परत घेतायत. मनात म्हटलं, जोडपं असावं तर असं!

पहाटेच्या अंधारात आम्ही निघालो. कपाळावर दिवे, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात लोंबणारे मास्क. आधी झाडी होती, मग झुडपं, मग गवत. आणि मग एका वळणानंतर काहीच उगवायचं बंद झालं. पायाखाली काळी, भुसभुशीत राख. पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरायचं. बुटांवर बांधलेल्या कापडी पट्ट्यांतूनही खडे आत शिरत होते. थंडी अशी, की नाकाचं पाणी मिशीत थिजावं. पुढे ताई इतकी सावकाश चालत होती की एकदोनदा गाईडबाईंनी वळून ती जिवंत आहे ना ते पाहिलं. तिच्यामागे भावजी. त्यांच्या श्वासाचा आवाज मागे चालताना मला ऐकू येत होता. तो आवाज मला आवडत नव्हता.

पाऊण चढावर एक पत्र्याची शेड होती, गाईडबाईंची दोन माणसं तिथे मुक्कामाला असत. तिथे आम्ही टेकलो. गाईडबाईंनी ताईची बॅग उचलून पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"दगड भरलेत का यात? अशानं तुम्ही वर पोहोचणार नाही. बॅग इथेच राहील. पाणी माझ्याकडे आहे."

"नको, नको, मी नेते की," ताई म्हणाली. पण सगळ्यांत दमलेल्या बाईला हट्ट करायची सोय नव्हती. तिनं भावजींकडे पाहिलं.

भावजींनी तोंड उघडलं. मग मिटलं. "ठेव," ते म्हणाले. "कशाला ओझं."

बॅग शेडमध्ये राहिली.

त्यानंतरचा चढ अंगावर येणारा होता. वारा सुटला. राखेचे कण चेहऱ्यावर टोचू लागले. आकाश काळ्याचं करडं झालं आणि वर, अगदी हाताशी आल्यासारखी, काठाची रेघ दिसली! तिच्यावर तांबूस धूर. भावजींनी मान वर केली. पहिल्यांदाच थांबून, हेल्मेट सारखं करून, त्यांनी नीट पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "जागेवर आहे."

तेवढ्यात वारा फिरला.

"मास्क!" गाईडबाई ओरडल्या.

पिवळट धूर खाली लोटत आला. डोळे चरचरले. घसा सोलून निघाला. मी मास्क ओढला. ताईनं ओढला. भावजींचे हात गळ्यापर्यंत गेले आणि तिथेच राहिले. ते गुडघ्यांवर बसले. मग कुशीवर कलले.

"अहो!"

गाईडबाईंनी त्यांना खडकाच्या आडोशाला ओढलं. मी मास्क त्यांच्या तोंडावर धरला. धुराचा लोट डोक्यावरून निघून गेला, पण भावजींचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. मूठ छातीवर आवळलेली.

"यांच्या हृदयात स्टेंट आहे," ताई म्हणाली. एका दमात, स्वच्छ आवाजात. "गोळ्या यांच्या खिशात असतात."

तिनं खिसे उलटे केले. रुमाल. चष्म्याचं घर. लाल खडूचा एक तुकडा. गोळ्या नाहीत! बॅग उपसली. नाहीत! गाईडबाईंच्या पेटीत पट्ट्या, मलम, कात्री. हे औषध नव्हतं.

"गोळ्या कुठेत? अहो, बोला!"

भावजींचे ओठ हलले. "तुझ्या... बॅगेत. स्वेटरच्या... आत."

मला त्यांची वाकलेली पाठ आठवली. निघताना गाईडबाई पुन्हा बॅगा आणि खिसे तपासतील या भीतीनं त्यांनी गोळ्यांची डबी ताईच्या बॅगेत लपवली होती. आणि शेडमध्ये ते उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं होतं, कारण बोलले असते तर काठ गेला असता.

"मी जाते," गाईडबाई उठल्या. "तुम्ही यांना—"

ताई जागेवर नव्हती.

ती उतारावर होती! टाचा राखेत रोवत, हात पसरून, लांब लांब ढांगा टाकत ती खाली सुटली होती. तिच्यामागे राखेचा फुफाटा उठत होता. तिचा दिवा एकदा उजवीकडे चमकला, एकदा डावीकडे, आणि वळणाआड गेला.

"अहो, पडतील त्या!" गाईडबाई किंचाळल्या. "त्यांना दम लागतो!"

"नाही लागत," मी म्हणालो.

गाईडबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझी सगळी मिस्कीलपणाची मिळकत जागच्या जागी जप्त झाली. मी भावजींचा हात धरून बसलो. तो थंड होता. मी काहीतरी बोलत राहिलो, काय ते आता आठवत नाही. आयुष्यभर लोकांना हसवून पोट भरलेला माणूस अशा वेळी किती निरुपयोगी असतो, याचा मला तिथे पक्का अनुभव आला.

मग खालून दिवा वर येताना दिसला. राख प्रत्येक पावलाला तिला मागे ओढत होती आणि ती प्रत्येक पाऊल राखेकडून हिसकावून घेत होती. चार पायांवर, खडक धरत, घसरत, पुन्हा चढत. ती पोहोचली. डबी उघडली. गोळी भावजींच्या जिभेखाली गेली.

"थुंकलात तर बघा," ताई म्हणाली.

आम्ही वाट पाहिली. धूर वर वर जात राहिला. हळूहळू भावजींची मूठ सुटली. ओठांवर रंग आला. ताई त्यांच्याशेजारी बसली आणि मगच तिला खराखुरा दम लागला. या वेळी अभिनय नव्हता, आणि हा दम मला आदल्या दिवशीपेक्षा फारच साधा वाटला.

भावजींनी काठाकडे पाहिलं. दोनच वळणं उरली होती. वरचे खडक सोनेरी व्हायला लागले होते.

"तू जाऊन ये," ते ताईला म्हणाले. "कोणीतरी बघायला पाहिजे. मी इथे पडून राहतो."

"तुमच्याशिवाय मला त्या भोकात काय बघायचंय?"

"मुख म्हणतात त्याला."

"मुख तर मुख. चला खाली."

गाईडबाई शेडमधल्या माणसांना बोलावण्यासाठी शिट्टी काढत होत्या. त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. "सर," त्या म्हणाल्या, "तिकडे बघा. मागे."

आम्ही वळलो. आमच्या पाठीशी, डोंगराच्या पलीकडे, सूर्य उगवला होता. तो आम्हाला दिसत नव्हता. पण समोर पश्चिमेला, धुक्यानं भरलेल्या मैदानावर, डोंगराची सावली पडली होती. भलीमोठी. क्षितिजापर्यंत. सुबक, निळसर त्रिकोण, दोन्ही बाजू पट्टीनं आखल्यासारख्या सरळ!

भावजींच्या डोळ्यांतून पाणी ओघळून मिशीपाशी थांबलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"आकृती," ते अखेर म्हणाले, "बरोबर होती."

सूर्य चढला, तसा त्रिकोण आखूड होत होत विरून गेला. फळा पुसावा तसा.

गाईडबाईंनी त्यांची नाडी पाहिली, पुन्हा पाहिली आणि उठून उभ्या राहिल्या. त्या अजून रागात होत्या, आणि तो त्यांचा हक्क होता. "शेडपर्यंत आधार देऊन नेते. तिथून माझी माणसं उचलून नेतील. पण आता मला खरं सांगा." त्यांनी आम्हा तिघांवरून नजर फिरवली. "सगळ्यांत सावकाश कोण?"

मी ताईकडे पाहिलं. ताईनं राखेकडे पाहिलं.

"मी," भावजी म्हणाले.

उत्तर पूर्ण वाक्यात नव्हतं. पण गाईडबाईंनी ते चालवून घेतलं, त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना सर्वांच्या पुढे उभं केलं. त्यांच्या मागे ताई. तिच्या मागे मी. भावजींनी एक पाऊल टाकलं, थांबले, श्वास घेतला. आम्ही थांबलो. त्यांनी दुसरं टाकलं. आम्हीही टाकलं.

कोणी कोणाला ओलांडलं नाही.