नववीची बाकं

नववीच्या वर्गात पाऊल टाकताच शेफालीचा गुडघा बाकावर आपटला आणि ती ओरडली. दाराजवळ, ऐन वाटेत बाक! बाकीचीही सगळी गोल मांडलेली, आणि दारात खडूने माखलेले हात झटकत एक अनोळखी तरुण उभा.

"लागलं का हो?"

"नाही, गंमत म्हणून ओरडले!"

हे हिर्डोशीच्या शाळेतले नवे भूगोलाचे शिक्षक, प्रशिक सर. मग रोज तेच. पहिला तास त्यांचा, दुसरा शेफालीचा, गणिताचा. तिचं नियोजन अगदी आखीव: थोडी उजळणी, फळ्यावर दोन उदाहरणं, मग ज्याचं त्याने सोडवायचं. पण उजळणीची वेळ बाकं ओढण्यातच जायची. तिच्या अगदी नाकी नऊ आले.

"सर, रांगेत बसून भूगोल समजत नाही का?"

"समजतो की. पण वरच्या वाड्यांतली पोरं डोंगर उतरून येतात, उशीर होतो. मग आधी आलेली त्यांना समजावतात... गोलात." तो हसला. "तुमचा राग मात्र कधी उशिरा येत नाही हं!"

हसू लपवायला तिने फळ्याकडे तोंड फिरवलं. हसू आल्याचाही तिला राग आला.

शेवटी तिने मुख्याध्यापक बाजीराव सरांकडे तक्रार केली. वेळापत्रक बदललं. नववीचा पहिला तास शेफालीला, आणि प्रशिकचे सगळे तास मैदानापलीकडच्या खोल्यांत. तो फक्त "बरं" म्हणाला.

सोमवारी बाकं कशी, ओळीत! दारात कुणी नाही. तिने उजळणी घेतली, उदाहरणं दिली. वाड्यांतली मुलं धापा टाकत आली आणि मागे नुसतीच बसून राहिली. कशातच तिचं लक्ष लागेना.

"मॅडम," सोनिया उठून म्हणाली, "गोल करू का? मागच्यांना कायबी कळंना."

"करा! करा एकदाचं!" ती खेकसली आणि स्वतःच बाक ओढू लागली.

मधल्या सुट्टीत ती तरातरा मैदान ओलांडून गेली.

"बाजीराव सरांना सांगून आलेय. उद्यापासून जुनंच वेळापत्रक."

"आता काय बिघडलं?" प्रशिकने विचारलं.

"सगळं! बाकं ओढून हात दुखतायत. आणि... वर्गात शिरताना दारात कुणी नसतं."

"म्हणजे... भांडायला कुणी नसतं?"

"तुम्ही नसता! आवडता तुम्ही मला. अख्खं जग शिकवता, एवढंही कळत नाही?"

प्रशिकने हातातला खडू खाली ठेवला.

"मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "माझ्यापुरतं. पण तुम्ही तक्रार केलीत, म्हटलं... नको असेन."

मंगळवारी शेफाली नववीच्या वर्गात शिरली, तेव्हा बाकं गोलच होती. फक्त दाराजवळचं एक तिच्या वाटेतून बाजूला सरकवलेलं होतं, आणि प्रशिक ते हाताने धरून उभा होता.