वर आलेली रेघ

वहिनी भर दुपारी दिराच्या दुकानात शिरली. दीर जुन्या नाण्यांचा पारखी. तो नुकताच डबा उघडून बसला होता.

"भाऊजी, ते नाणं काढा. गळ्यावर रेघ असलेलं."

"वहिनी, दोन घास..."

"आधी नाणं."

मरताना नवऱ्याने ते लेकीसाठी ठेवलं होतं. महिना उलटायच्या आत 'ओरखडा आहे, कवडीमोल' म्हणत त्याच्या याच धाकट्या भावाने ते घेऊन तिच्या हातावर चार नोटा टेकवल्या. आज त्याच्याच दुकानाच्या काचेवर त्या नाण्याचा फोटो होता, खाली 'दुर्मिळ'. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस! वीस वर्षं नवरा सांगत आला होता: भिंगाआधी नख फिरव. ओरखडा खोल असतो. नाणं पाडायच्या ठशालाच चीर गेली, तर नाण्यावर रेघ वर येते. पुढचं प्रत्येक नाणं ती घेऊनच निघतं आणि दर नाण्याला ती लांबत जाते. ऐनवेळी आपण नख फिरवलं नाही, याचा तिला दिराहूनही जास्त राग होता.

नाणं समोर आलं. राजाच्या गळ्यावरून तिने नख ओढलं. ते अडलं.

"वर आलीय. ज्याने हे शिकवलं, त्याच्याच लेकीला फसवलंत. उमटू दे ही तुमच्या गळ्यावर."

दीर हसायला गेला आणि खोकला. त्याने कॉलरचं बटण काढलं. दुकानात तापलेल्या लोखंडाचा वास सुटला होता.

"काहीतरी खुपतंय, वहिनी..."

कानाखालून कंठापर्यंत बारीक रेघ.

"दाढी करताना... ओरखडा असेल..."

तिने हात लांबवून नख फिरवलं. तेही अडलं. दिराने नाणं पुढे सरकवलं. तिला त्याची जराही कीव आली नाही. डोळ्याला डोळा न देता बसलेल्या त्या माणसाला तसाच सोडून ती निघाली.

घरी लेक आरशासमोर उभी होती. बाप, काका आणि ही, तिघांचे चेहरे एकाच ठशातले, असं शेजारी नेहमी हसून म्हणायचे.

"आई, मघापासून गळ्याशी काहीतरी खुपतंय गं..."

वहिनीची मूठ नाण्यावर आवळली.

"ओरखडा असेल," ती म्हणाली आणि तिने नख फिरवलं.

नख अडलं. रेघ काकाच्या रेघेपेक्षा बोटभर लांब होती.