रिकाम्या स्टुलाचं मोजमाप

खोटंच सांगायचं असतं तर मी रात्रीचं सांगितलं असतं. हे भर दुपारी घडलं. मंगळवारी, चारच्या सुमारास, प्रयोगशाळेत. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत. आणि आत्या म्हणजे राईला राईच म्हणणारी बाई, तिचा पर्वत करणारी नव्हे.

त्या काळी दूर समुद्रात आणि वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या चालायच्या. त्यांची राख वाऱ्याबरोबर कुठवर पोहोचते, ते मोजायचं आत्याचं काम. गच्चीवर चिकट कागद लावायचे, दुसऱ्या दिवशी काढून जाळायचे, उरेल ते यंत्राच्या नळीखाली धरायचं. यंत्र टिकटिक करायचं. जितकं विष, तितकी टिकटिक. वर्षानुवर्षं तेच. पाठीचा काटा पार ढिला झाला, म्हणायची.

समुद्राच्या पाण्याचे कॅन एक खलाशी आणून द्यायचा. एका खेपेला त्यांच्या बोटीवर पांढरी राख पडली होती. सकाळभर, पिठासारखी. कॅन ठेवून तो घुटमळला.

"बाई, जरा मलाही मोजता का?"

टेबलावर चाळीस नमुने तुंबलेले. आत्याचं डोकं उठलेलं. माणसं मोजायची परवानगीही नव्हती. ती म्हणाली, उद्या या.

तो आला नाही. महिन्याभरात दवाखान्यातच वारला.

त्यानंतरचा हा मंगळवार. मदतनीस रजेवर. नळीखाली काहीच नव्हतं. रिकामं यंत्र किती वाजतं, तेवढंच बघायचं होतं. मिनिटाला सोळा. नेहमीसारखं.

मग... वीस.

मग... चाळीस.

व्हरांड्यात ओल्या बुटांचा आवाज आला... दारापाशी थांबला... आत आला.

आत्याने मान वळवली. कुणी नाही.

फक्त समोरचं लोखंडी स्टूल करकरलं... कुणी दमून बसावं तसं.

ती पळाली नाही. पळायलाही अंगात त्राण लागतं गं, असं मला म्हणाली.

तिने नळी उचलली आणि स्टुलावरच्या रिकाम्या हवेत धरली. आधी पावलं. मग गुडघे. मग छाती. टिकटिक वाढतच गेली. गळ्यापाशी तर ती सुटी ऐकूच येईना... नुसता सलग आवाज.

त्याच्या वर, जिथे चेहरा असायला हवा...

तिथे यंत्र गप्प. सोळासुद्धा नाहीत.

"झालं," आत्या हळूच म्हणाली. "मोजलं. माफ करा, उशीर झाला."

स्टूल पुन्हा करकरलं. ओली पावलं दाराबाहेर गेली.

आत्याने आकडे वहीत लिहिले. नमुन्याच्या रकान्यात लिहिलं, खलाशी. साहेबांनी ते पान पाहिलं, सही केली.

हे तिने मला गेल्या वर्षी सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालताना. मी विचारलं, तो परत आला का कधी?

"तो नाही आला."

तिने उशीचा अभ्रा नीट दुमडला.

"बोटीवर सात जण होते गं."

आवाजात भीती नव्हती. नुसता थकवा. त्यानंतर नऊ वर्षं ती त्याच खोलीत काम करत होती.

आणखी किती जण आले, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.