आपण म्हणजे कोण?

"आपन तं श्रीलंकेलेच जाऊ. अन् आपल्याले समुद्राकडचीच खोली पाहिजे!"

शेजारच्या खुर्चीतला माणूस असं म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं.

वर्ध्यात रक्षाताईंचं सहलींचं ऑफिस आहे. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. मी नुकतंच त्यांना सांगितलं होतं, श्रीलंका, जानेवारीत, समुद्राकडची खोली. आणि हा कोण कुठला... मध्येच?

"आपण?" मी गर्रकन वळले. "ओळख ना पाळख, कुणाबरोबर जायचं ठरवताय तुम्ही?"

तो गडबडला. "कोनासंगं नाई जी... आपन एकटेच!"

"आपण, आणि एकटेच?"

रक्षाताईंना हसू आवरेना. "मॅडम, तो सोताबद्दल बोलून राह्यला. आमच्याकडे 'आपन' म्हंजे मीबी होते."

मी साताऱ्याची. जुलैत इथल्या कॉलेजात शिकवायला आलेली. आमच्याकडे आपण म्हणजे तू आणि मी. माफी मागायला हवी होती, पण मागितली नाही, कारण मी सकाळपासूनच पेटलेली होते. फोनवर आई म्हणाली होती, "एवढी घाई कशाला? लग्न झालं की जा नवऱ्याबरोबर." वर दादा, "एकटी पोरगी परदेशात? शोभतं का?" अरे, समुद्र बघायला नवरा कशाला लागतो? छत्री धरायला? एकदा, फक्त एकदा, मला माझ्या मर्जीनं एकटीला कुठंतरी जायचं होतं.

तो गजेंद्र. नाचणगावचा, पुलगावात रंगाचं दुकान. आमच्या तारखा एकच निघाल्या, विमानही एकच. त्यामुळे कागदपत्रांच्या निमित्तानं दर रविवारी रक्षाताईंकडे गाठ पडायची. मग समोरच्या टपरीवर चहा, माझी घरच्यांबद्दलची गाऱ्हाणी, मोबाइलवर नकाशा आणि भांडण.

"आधी गॉलचा किल्ला," मी म्हणायची.

"आधी जेवाचं पाहा. तिथं भाकर भेटते का?"

"भात मिळतो. नारळ घातलेला."

"अन् ठेचा?"

"न्या घरून. विमानतळावरच्या लोकांना रडवा!"

तो हसायचा. "तुमी चिडल्या का नाक लाल होते तुमचं."

"मग बघू नका."

"कसं नाई पाहू? समोरच तं हाय..."

मी चहा ढवळत बसायची. साखर कधीच विरघळलेली असायची.

डिसेंबरात रक्षाताई म्हणाल्या, "गजेंद्रनं तिकीट रद्द केलं." मी तशीच उठले, बस पकडली आणि थेट पुलगाव गाठलं. रंगाच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"काऊन रद्द केलं?"

साताऱ्याची मी, आणि 'का' सोडून चक्क 'काऊन' म्हणाले! त्याच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं.

"तुमाले एकटीनं जाचं हाय ना," तो हळूच म्हणाला. "आपन त्याच विमानात बसलो तं तुमच्या घरचे म्हनतीन, पाहा, पोरगी एकटी जाऊच शकत नाई."

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर मी जास्तच भडकले. "पण हे ठरवणारे तुम्ही कोण? आई ठरवते, दादा ठरवतो, आता तुम्हीही? मला एका शब्दानं विचारलंत?"

त्यानं पडलेलं झाकण उचलून डब्यावर ठेवलं.

"नाई इचारलं," तो म्हणाला. "चुकलं आपलं."

मी आजवर किती जणांवर ओरडले असेन, पण चुकलं असं कुणी म्हटलं नव्हतं. माझा राग तिथंच अडखळला.

"मग आता विचारा."

"येऊ का संगं?"

मी विचार केला. खरंच केला. "नको. एकटीच जाणार."

"मंग भांडाले काऊन आल्या जी?"

"विचारलं नाहीत म्हणून!"

जानेवारीत नागपूरच्या विमानतळावर त्यानंच मला सोडलं. म्हणजे सोडायला निघाला. वाटेत केळझरच्या गणपतीला हात जोडले आणि चहाला थांबलो. सकाळची थंडी होती, पेल्यातून वाफ निघत होती.

"पोचली का फोन करजो," तो म्हणाला.

करजो... इतके दिवस 'तुमी' होते, आज एकदम 'तू'. माझे कान तापले.

"अन् वापस येजो. पुढच्या साली... आपन जाऊ, समुद्र पाहाले."

मी पेला आपटला. माझी बॅग गाडीत, विमानाची वेळ डोक्यावर, आणि या माणसाला अजून नीट बोलता येत नाही!

"आपण म्हणजे कोण? तुमच्याकडचं आपण, की आमच्याकडचं? एकदाच काय ते सांग!"

त्यानं माझ्या लाल नाकाकडे पाहिलं.

"साताऱ्याचं," तो म्हणाला.

"मग एवढं सांगायला जानेवारी उजाडावा लागला?" मी ओरडले, आणि ओरडता ओरडताच त्याचा हात धरला.