आधी आठवण येऊ दे

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या नईमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात समरा पहिल्यांदा आली ती गाडीची चौकशी करायला, आणि चौकशी संपायच्या आत खुर्चीतच झोपून गेली. जाग आली तेव्हा पंखा तिच्याकडे वळवलेला होता, आणि टेबलापलीकडचा तरुण फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता.

"माफ करा... उठवायचं ना मला."

"उठवणार होतो," तो म्हणाला. "पण इतकं निवांत गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं की."

ती हसली नाही. इथं हसू यायला हवं होतं, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं.

गेलं वर्षभर तिचं असंच चाललं होतं. समरा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. पीएचडी, पेपर, सेमिनार, मूल्यांकनाच्या फायली... सगळं तिनं वेळेत आणि नीट केलं होतं. मग एक दिवस फळ्यावर अर्धं समीकरण लिहून तिचा हात थांबला. पुढचं येत नव्हतं असं नाही. ते लिहायचं कशाला, तेच कळेना. मुलं वाट बघत राहिली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, कॉलेजनं सहा महिन्यांची रजा दिली, आणि अम्मी म्हणाली, "कहीं दूर जाको आ, बेटा."

म्हणून कर्नाटकातलं शिरसी. सुपारीच्या बागेतलं एक घर तिनं हेरून ठेवलं होतं.

"तिथं काय करणार?" नईमनं सहज विचारलं.

"एक पुस्तक लिहायचंय. दोन पेपर अर्धवट आहेत. कन्नड शिकेन. पहाटे योगासनं..."

"म्हणजे कॉलेजच शिरसीला हलवताय."

या वेळी तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

ती परत ऑफिसात आली. घरमालकीण नीलम्माशी कन्नडमधून बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि नईमचं आजोळ अक्कलकोटचं, त्याला कन्नड यायचं. मग सामान किती न्यावं हे विचारायला आली. मग खिडकीची सीट नक्की मिळेल ना, हे विचारायला आली – दोनदा. तो चहा मागवायचा. ती बशीत ओतून, फुंकर घालत प्यायची, आणि तो संगणकाकडे बघत असल्यासारखं करायचा. दर खेपेला तिच्या बेतातलं एखादं काम गळत गेलं. आधी पेपर गेले, मग पुस्तक.

"तुम्ही कुठं कुठं फिरलात, नईमभाई?"

"मी? मी लोकांना पाठवतो. आपण हितंच." तो थांबला. "मॅडम, एक विनंती होती. ते 'भाई' तेवढं काढता येईल का?"

"का?"

तो कीबोर्डवरची धूळ पुसायला लागला. "कारण दुपार झाली की मी दाराकडं बघत बसतो. भाईनं... असं बसू नये."

समरानं कप खाली ठेवला. आत काही हलतंय का ते तिनं पाहिलं. हललं असेलही, तिला ते ओळखता आलं नाही.

"नईम," ती म्हणाली, "खोटं बोलणार नाही. मला सध्या कशाचंच काही वाटत नाही. अम्मीच्या बिर्याणीचंसुद्धा नाही."

"बिर्याणीचंबी न्हाय?" तो गंभीर झाला. "मग दुखणं मोठं हाय."

"राहा म्हणालात तर..."

"तसं न्हाय म्हणणार मी. जावा तुमी. सीट खिडकीचीच हाय."

गाडी सुटायच्या वेळी तो आला. बॅग वर ठेवून दिली, पाण्याची बाटली हातात दिली आणि खिडकीखाली उभा राहिला.

"मधे एकदा येऊन जाऊ का?"

"आत्ताच नको."

"मग कधी?"

"आधी मला तुमची आठवण येऊ दे."

"आणि... नाही आली तर?"

तिनं विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

शिरसीला ती झोपली, जेवली, पायवाटेवर बसून राहिली. नीलम्मा फारसं विचारायच्या नाहीत. नईमचा 'पोचलात का?' एवढा एक मेसेज आला, ती हो म्हणाली, आणि त्यावर कितीतरी दिवस गेले. त्याची आठवण येत नव्हती. हे तिला कळत होतं, आणि त्याचंही फारसं वाईट वाटत नव्हतं.

मग एका सकाळी घरामागं गेली तर फणसाच्या झाडाला अगदी बुंध्याशी एक फणस लागलेला, पोट जमिनीला टेकवून बसलेला. सोलापुरात फणस दिसायचा तो गाडीवर, कापलेला. समरा हसली, चांगली मोठ्यानं. आणि "बघा की" म्हणत शेजारी वळली.

शेजारी कुणी नव्हतं. पण आपण कुणाकडे वळलो, हे तिला नेमकं माहीत होतं.

रेंज फक्त वरच्या रस्त्यावर यायची. ती चढून गेली.

"सगळं ठीक ना?" नईमचा आवाज घाबरलेला होता.

"ठीक आहे. इथं एक फणस आहे... जमिनीला टेकलाय."

"बरं. हे सांगायला फोन केला?"

"हो." मग ती म्हणाली, "आठवण आली. दोनदा तपासून बघितली. तुमचीच आहे."

पलीकडं रिक्षांचे हॉर्न. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"आजच निघतो," तो म्हणाला. "तवर तेवढा फणस तोडू देऊ नका."